नदीपलीकडचा माहूरगड

भगिनींनो, माहूरचा गड नांदेड जिल्ह्यात असला तरी आपणां यवतमाळकडच्या बायकांना तो घरचाच वाटतो. साडेतीन पीठांपैकी एक असे श्रीरेणुकामातेचे हे ठाणे. शेजारच्या शिखरावर दत्तप्रभू. गडावर उभे राहिले की दाट रान आणि त्यातून वळणे घेत जाणारी पैनगंगा दिसते.

हीच पैनगंगा एके काळी येथे दोन राजवटींची हद्द होती. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पलीकडे निजामाचा अंमल राहिला. जकात निराळी, नाणेही निराळे. तिकडे हाली शिक्का चाले. माझ्या आजेसासूबाई सांगत, नदी ओलांडली की नाक्यावर ओटीचे गाठोडेसुद्धा सोडून दाखवावे लागे. तरी देवीची वारी कोणी चुकविली नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट तालुक्याबरोबर माहूर आदिलाबादेतून नांदेडात आले, विदर्भही त्याच मुंबई राज्यात आला, आणि दोन्ही तीर एका राज्याचे झाले. आता धनोड्याच्या पुलावरून एसटी पाहता पाहता पलीकडे जाते. यंदा नवरात्रात दर्शनाला जाल तेव्हा लेकीसुनांना ही हकीकत अवश्य सांगावी.