हाड आणि टायटॅनियम: एका जुळणीची कुळकथा

हाड टायटॅनियमला धरतं, या शोधाचं श्रेय सहसा स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना देतात. 1952 साली लुंडमध्ये सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी त्यांनी टायटॅनियमची कुपी बसवली, ती पुढे निघेचना. पण बोथ, बीटन आणि डेव्हनपोर्ट यांनी 1940 सालीच मांजरांच्या हाडात हे पाहिलं होतं आणि 1951 साली लेव्हेंथॉल यांनी उंदरांत. तरी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दातांसाठी टायटॅनियमचा इम्प्लांट बसायला 1965 साल उजाडलं. धातूचा गुण ठाऊक होता, तर अडलं कुठे? माझ्या मते या तंत्राचं मूळ धातूत आहे तितकंच शस्त्रक्रियेच्या रीतीत आहे.

भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये टायटॅनियम कापणाऱ्याला हे चटकन पटेल. हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही. ती टूलच्या टोकाशी साचते, म्हणून स्पीड कमी आणि कूलंट भरपूर. हाडाचंही तेच. ते मिनिटभर 47 अंश सेल्सिअसला राहिलं तरी त्याची भरून येण्याची ताकद घटते, हे 1984 साली एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी दाखवलं. ब्रोनेमार्क सलाइनची धार सोडून सावकाश भोक पाडत आणि इम्प्लांट काही महिने हिरडीखाली विनाभार ठेवत, कारण तो सुमारे 150 मायक्रॉनहून जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती वाढतात. धातूचा वाटा मी नाकारत नाही: हवेत आपोआप बनणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर नसता तर एवढी काळजी वाया गेली असती.

मग आज शस्त्रक्रियेच्याच दिवशी दात बसवतात ते कसं? तिथेही नियम मोडत नाही. स्क्रू घट्ट हाडात पक्का रुतला असेल, तर भार येऊनही तो त्या मर्यादेबाहेर हलत नाही. गरज स्थैर्याची आहे, महिने मोजण्याची नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुडघ्याचे बहुतेक कृत्रिम सांधे आजही बोन सिमेंटवर बसतात आणि वर्षानुवर्षं चालतात. मग हाडाने धातूला धरायलाच हवं का? प्रत्येक वेळी नाही. सिमेंट हाडाच्या खाचाखोचांत शिरून पकड देतं, पण ते जिवंत नसल्याने झीज भरून काढू शकत नाही. तरुण रुग्णांच्या खुब्यासाठी म्हणूनच सच्छिद्र पृष्ठभागाचे, सिमेंटविना बसणारे सांधे निवडतात. आणि तिथेही सुरुवातीच्या आठवड्यांत सांधा हलत राहिला, तर त्या छिद्रांत हाड नव्हे, तंतूच भरतात.