हेमाडपंताच्या आधीचं देऊळ

चामोर्शीवरून येऊन तुम्ही मार्कंडादेवला वैनगंगेच्या काठी उभे आहात. दक्षिणेकडे निघालेली नदी इथं वळसा घेऊन उत्तरेला तोंड करते. उत्तरवाहिनी नदी म्हटली की काठावर महादेव असायचाच. आता मागचा डांबरी रस्ता पुसून टाका, विजेचे खांब उपटा. गडचिरोली जिल्हाही विसरा, तो १९८२ साली झाला. हा सगळा चांदा जिल्हा आहे आणि १८७०च्या दशकातला हिवाळा.

साठीला टेकलेला एक साहेब फीत धरायला सांगतो. हे अलेक्झांडर कनिंगहॅम, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. फितीचं दुसरं टोक तुमच्या हातात. आवार भरतं १९६ फूट बाय ११८ फूट. मग साहेब मुख्य देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती मोजू लागतात. शिव, पार्वती, पुन्हा शिव, अप्सरा... आकडा ४०९वर जातो. त्यांना खजुराहो आठवतं.

डोंग्याला टेकून बसलेल्या ढिवराला हा खटाटोप व्यर्थ वाटतो. "हेमाडपंतानं बांधलं जी, एका रातीत. कोंबडा बोलाच्या आधी."

मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकातला. चुन्याविना रचलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण ते त्याच्या नावावर चढवतो. बिचाऱ्याला कारभार करायला वेळ कधी मिळाला असेल? कनिंगहॅम हे शिल्प दहाव्या-अकराव्या शतकातलं मानतात. तिथवर जायचं, पण वाटेत एक पावसाळी रात्र लागते.

चांद्यावर गोंड राजे आहेत. नदीवरून वीज येते ती थेट शिखरावर. वरचा भाग निखळतो आणि महामंडपाच्या छतावर कोसळतो. पायाखालची जमीन हादरते. माथ्यावरच्या कोरीव आमलकाचे तुकडे आत, तुळयांचे तुकडे बाहेर. पुढे एक गोंड राजा छत सावरून घेतो. त्याचे गवंडी नाजूक कोरीवकामाच्या मधोमध जाडजूड टेकू उभे करतात. जाणकार या डागडुजीला नाकं मुरडतात. मला ती पटते. दुसऱ्याच्या कुळाचं, दुसऱ्याच्या काळातलं देऊळ पावसात सोडून न देणारा राजा मला सुबक नक्षीइतकाच मोलाचा वाटतो.

अजून मागे. छिन्नीचा ठणठणाट, तोंडात दगडाची भुकटी. शिखर अर्धं चढलंय. जवळ जाऊन पाहा: प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा आत बोटभर सरकलेला आहे, म्हणून पोकळी वर अरुंद होत मिटत जाते. चुना नाहीच, दगडाला दगडाचं ओझं धरून ठेवतं. दगड बसवण्याआधी कारागीर त्याच्या तळावरून हात फिरवतो, कुठे उंचवटा लागला की परत खाली पाठवतो. दोन माणसं शिव्या घालत तो नेतात.

हा खर्च कुणाचा? ९७३ मध्ये राष्ट्रकूट पडले. पुढे इथून पश्चिमेला, आदिलाबादकडच्या जैनदला, माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाचा लेख सापडतो. माळव्याशी जडलेली ही नागर घडण पाहता परमारांकडे बोट दाखवायचा मोह होतो. पण जैनदचा लेख जैनदपुरता. त्याच्या जोरावर मार्कंड्याचा सातबारा परमारांच्या नावे करता येत नाही.

आयतेच आला आहात तर विचारूनच घ्या. ओळंबा धरलेला म्हातारा मुख्य स्थपती दिसतोय. "बाबा, हे देऊळ कोण बांधतंय?"

तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघतो. दोरीचा शिशाचा लोलक स्थिर होईपर्यंत थांबतो, मग म्हणतो, "दिसत नाही? आम्ही बांधतोय. व्हा बाजूला, दगड येतोय."