पाळी गेली, रात्रपाळी आली

आपल्या इतिहासात जागरणाला फार मान आहे. शाइस्तेखानाची बोटं तुटली ती १६६३ सालच्या एका रात्री. सिंहगड घेतला तो १६७० सालच्या एका रात्री. या बाबतीत आमचं शिरूरही मागे नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली, रात्रभर चालली आणि सकाळी कोरेगावला भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेपुढे उभी राहिली. त्या लढाईचा तिथं स्तंभ आहे, स्तंभावर नावं आहेत, आणि दर १ जानेवारीला त्याला वंदन करायला माणसांचा समुद्र लोटतो. थोडक्यात काय, पुरुष रात्री जागला की एक तर पोवाडा होतो, नाही तर स्तंभ.

आता त्याच रात्रीचा दुसरा भाग बघा. तुकडी गावाबाहेर पडली, तीन-साडेतीन वाजले, आणि शिरूरमधल्या घराघरांतून बायका उठून जात्यावर बसल्या असणार. त्यांत पंचेचाळीस-पन्नाशीच्या काही असणारच. त्यांच्यातल्या एकदोघींना ऐन डिसेंबरात दरदरून घाम फुटला असणार. पण याची नोंद कुठंही नाही. १८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर चांगलं तीन भागांचं आहे. त्यात शिरूरची छावणी आहे, दौंडचं स्टेशन आहे, पीकपाणी आहे, बाजारहाट आहे. बाईच्या झोपेचं पान मात्र नाही.

मी बी.कॉम. झालेली, बँकेत क्लार्क असलेली बाई. ज्या व्यवहाराचं व्हाउचर नाही तो व्यवहार झालाच नाही, हे आम्हांला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. गेली दोन वर्षं माझा रोज रात्री तीनचा व्यवहार बिनव्हाउचरचा चालला आहे. तेव्हा म्हटलं, इतिहासाच्या खतावणीत ही एन्ट्री आपणच टाकावी. दुसरं कोण टाकणार?

व्यवहार असा : अकराला पाठ टेकते. झोपही लागते, नाही असं नाही. पण तीनच्या सुमाराला छातीतून एक गरम लाट उठते, मानेवरून कानापर्यंत जाते, अंग भिजतं, आणि मी टक्क जागी. पांघरूण फेकावं तर दोन मिनिटांत हुडहुडी. पुन्हा ओढावं तर पुन्हा लाट. शेजारी आमचे हे अशा वेळी इतके गाढ झोपलेले असतात की, त्यांच्या झोपेवर व्याज लावून निम्मी माझ्या नावे वळती करावी असं वाटतं. पण झोपेचं खातं जॉइंट उघडता येत नाही. दिवसा माझा ओव्हरड्राफ्ट, आणि यांच्या नावावर फिक्स्ड डिपॉझिट.

पाळी गेली आणि रात्रपाळी आली, असा हा प्रकार आहे. आता रात्रपाळीचं दौंडला कुणाला अप्रूप नाही. माझं माहेर शिरूरचं, तिथं रेल्वे नाही. घोडनदीच्या काठी रात्री कुत्री भुंकली तरी मोठी घटना. सासर दौंडचं. इथं १८७८ साली मनमाडची लाइन येऊन मिळाली, गावाचं जंक्शन झालं, आणि तेव्हापासून गावातलं कुणी ना कुणी रात्री जागंच असतं. माझे सासरे गाडीवर गार्ड होते. (२०२२ पासून त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमचे सासरे आधीच रिटायर झाल्यामुळे मॅनेजर व्हायचे राहिले.) त्यांच्या काळी रात्रीच्या गाडीसाठी उठवायला कॉल बॉय यायचा. दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा आणि अंधारात पुढच्या दाराशी जायचा. माझ्या अंगातही असाच एक कॉल बॉय कामाला लागलेला आहे. फरक इतकाच, की हा उठवतो आणि गाडी कुठली ते सांगत नाही.

एकदा पहाटे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर सासूबाई तिथं बसलेल्या. मी म्हटलं, "आई, तुम्हांला या वयात झोप लागायची का हो?"

"कोण जाणे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचा कॉल यायचा रात्री-अपरात्री. उठायचं, डबा करायचा. आधी मी जागी व्हायची का आधी दार वाजायचं, हे बघायला वेळ कुणाला होता? घामाचं म्हणशील, तर स्टोव्हपुढं घाम यायचाच."

"आणि तुमच्या सासूबाई?"

"त्यांचं जातं होतं."

मला वाटतं, या विषयाचा अख्खा इतिहास या तीन ओळींत आला. आजेसासूबाईंना जातं होतं, सासूबाईंना गार्डाचा डबा होता, आणि मला काहीच नाही. पीठ गिरणीतून येतं, आणि आमच्या ह्यांचं ऑफिस दहाचं. इतकी वर्षं बाईचं जागरण कामाच्या पदराखाली झाकलं गेलं होतं. काम गेलं, पदर सरकला, आणि खालून निघाली ती निखळ निद्रानाशाची रात्र. लोक म्हणतात, "आजकालच्या बायकांनाच ही नाटकं, आमच्या आज्यांना नव्हतं हो असलं काही." होतं हो! फक्त त्या वेळी त्याचं दळण व्हायचं.

त्या दळणाचा पुरावाही आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याला बसून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि ती संख्या लाखावर गेली. आमच्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. अंधारात, दळता दळता, स्वतःशी नाही तर शेजारणीशी म्हटलेल्या. युरोपातही पूर्वी माणसं एका दमात झोपत नसत, असं रॉजर एकर्च नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं २००१ साली दाखवून दिलं. एक पहिली झोप, मध्ये तासाभराचं जागेपण, मग दुसरी झोप. त्या जागेपणी लोक प्रार्थना करत, गप्पा मारत, असं तो म्हणतो. वाचून मला हेवा वाटला. आमच्या बायकांना मधलं जागेपण मिळालं, पण दुसरी झोप जात्याच्या तोंडात गेली.

जाणकार लोक मात्र गप्प नव्हते. सुश्रुतानं पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, हे सांगून ठेवलं आहे. (आताच्या भारतीय बायकांची सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येते, म्हणजे सुश्रुताच्या हिशेबाआधीच आपण खातं बंद करतो.) चरकानं तर झोपेला आहाराच्या बरोबरीनं शरीराचा खांब मानलं, आणि झोप येत नसेल तर म्हशीचं दूध चांगलं म्हणून सांगितलं. दौंड-शिरूरकडे म्हशीच्या दुधाला तोटा नाही. मी महिनाभर पिऊन पाहिलं. झोप तितकीच राहिली, वजन दोन किलो वाढलं.

साहेबाच्या मुलखात या अवस्थेला 'मेनोपॉज' हे नाव १८२१ साली मिळालं. द गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ते रूढ केलं. म्हणजे पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. पुढं १८५७ साली, इकडे उठाव पेटलेला असताना, लंडनला डॉक्टर एडवर्ड टिल्ट यांनी या विषयावर अख्खं पुस्तक काढलं. त्या काळचे उपाय म्हणजे अफू आणि पोटावर बेलाडोनाचा लेप. बाई झोपायची, यात शंका नाही. पुन्हा उठायची का, हा प्रश्न.

खरी गंमत १९४२ ची. आपण इकडे 'चले जाव' म्हणत होतो, आणि त्याच वर्षी अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासावर एक गोळी विक्रीला आली : प्रेमारिन. ती बनते गाभण घोडीच्या मूत्रातून! त्यातलं इस्ट्रोजेन बाईच्या अंगातलं घटलेलं इस्ट्रोजेन भरून काढतं. मी घोडनदीची माहेरवाशीण. पूना हॉर्स हा रिसाला उभा राहिला १८१७ साली, आणि त्याचं ठाणं कितीतरी वर्षं आमच्या शिरूरला होतं. एवढा कच्चा माल आमच्या नदीतून वाहून गेला आणि एकाही व्यापाऱ्याला सुचलं नाही!

मग १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरनं पुस्तक लिहून जाहीर केलं की ही गोळी घ्या आणि कायम तरुण राहा. अमेरिकेत गोळ्यांवर उड्या पडल्या. २००२ साली तिथल्याच एका मोठ्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका दिसला, पाहणी मध्येच थांबवली, आणि त्याच बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. आता हिशेब पुन्हा जुळवून झाला आहे : साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असेल आणि कर्करोगासारखी दुसरी अडचण नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन घेणं बहुतेकींना फायद्याचं ठरतं. ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी फेझोलिनेटंट नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२३ साली परवानगी मिळाली. कारण आता लाटेचं मूळ सापडलं आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक कारकून बसलेला असतो. अंगाच्या तापमानाचं रजिस्टर त्याच्याकडे. इस्ट्रोजेन कमी झालं की तो भलता काटेकोर होतो. तापमान जरासं इकडेतिकडे झालं की, आग लागल्यासारखी घंटा वाजवतो, घामाच्या सगळ्या नळ्या उघडतो. काटेकोर कारकून किती छळू शकतो हे मला सांगायला नको. मी रोज त्यांच्यातच बसते.

या साऱ्या ज्ञानानंतर आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मला काय सांगितलं? मान वर न करता म्हणाले, "वय झालं बाई, आता असंच." फी मात्र वयानुसार सवलतीची नव्हती. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. थायरॉइड पाहिलं, हिमोग्लोबिन पाहिलं, मी घोरते का हे विचारलं. कारण पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा आजारही वाढतो. मग झोपेची शिस्त सांगितली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत वापरा म्हणून सांगितलं आहे. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. दुपारनंतर चहा नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. कंटाळवाण्या वाचनाची अडचण मला कधीच नव्हती. बँकेची परिपत्रकं घरी आणली. तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे मी अजून गेलेली नाही. चार रात्री लागोपाठ साडेपाचपर्यंत झोपले, तेव्हा सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या, ही बरी आहे ना म्हणून.

पण एका गोष्टीनं मात्र परिपत्रकालाही दाद दिली नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे. हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. मी तीनला उठून खिडकीशी जाते तेव्हा त्या बायकाही उठलेल्या असतात, फडावर जायला. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येकींची तिशी-पस्तिशीच्या आत. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. आणि तिच्याबरोबर घाम, धडधड, रात्रभराचं जागेपण, सगळं एकदम. पहाटे तोडणी, रात्री गाडी भरणं. त्यांची झोप मोडली असं म्हणणार कोण? त्यांचं अजून जातं चालूच आहे, फक्त त्याला कोयता म्हणतात.

हे सगळं मी एका पहाटे सासूबाईंना सांगितलं. १८२१ चं नाव, १९४२ ची घोडी, मेंदूतला कारकून, परिपत्रकं. घोडीला त्या पदराआड खूप हसल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "म्हणजे एवढं सगळं ठाऊक होतं? मग आम्हांला का नाही सांगितलं कुणी?"

मी काही बोलले नाही. बाहेर मनमाडच्या लाइनवर एक मालगाडी लांबलचक खडखडत गेली. ती जाईपर्यंत त्या थांबल्या.

"आणि त्या कोपीतल्या पोरींना?" त्यांनी विचारलं. "त्यांना सांगितलंय का कुणी?"