पत्र्याच्या आतली हवा

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी 27 कलमांची नियमावली काढली. मोठ्या प्रकल्पाभोवती 35 फूट उंच पत्रा, लहान प्रकल्पाभोवती 25 फूट. इमारतीला हिरवे कापड किंवा ओले गोणपाट, राडारोड्यावर पाणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे. ही नियमावली हवी होती आणि आम्ही तिच्या विरोधात नाही. पण हा 35 फुटी पत्रा कोणाला वाचवतो? रस्त्यावरून जाणाऱ्याला. मग पत्र्याच्या आत दहा-दहा तास राबणाऱ्याचे काय? या प्रश्नाचे मूळ शोधायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, असे सरकारचे मत होते. 1898 साली कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड वस्त्या चिरत काढले ते समुद्राचा वारा शहराच्या पोटात यावा म्हणूनच. म्हणजे या शहरातली पहिली मोठी पाडापाडी हवेच्या नावाने झाली! घरे पडली ती गरिबांची, आणि सुरुवातीच्या दशकात ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. वारा आला, पण ज्यांच्या घरांच्या जागी रस्ता झाला त्यांच्यासाठी नाही. ते दुसऱ्या दाट चाळीत जाऊन कोंबले गेले.

याच ट्रस्टच्या परळमधल्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे 1920 च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे 207 बीडीडी चाळी उभ्या केल्या. 160 चौरस फुटांची एक खोली आणि तीत एक किंवा दोन कुटुंबे. आज त्याच चाळींचा पुनर्विकास चालू आहे. तिथे शेजारची चाळ पडत असताना आपली खोली सुटेपर्यंत धूळ खात राहणारी माणसे आहेत, आणि त्यात आपली वस्ती मोठी आहे.

त्या काळात गिरणीत काय होते? विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कोणी कोणत्या खात्यात काम करायचे, कोणत्या हवेत श्वास घ्यायचा, हे जात ठरवत होती. विणकामाला विटाळ होतो, पण राडारोडा उचलायला विटाळ होत नाही! घमेले कोणाच्या डोक्यावर आहे, याची कधी कोणी चौकशी केलेली आम्हाला माहीत नाही.

1972 च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडली. त्यातले कितीतरी मराठवाड्यातून मुंबईला आले आणि नाक्यावर उभे राहिले. आज त्या नाक्यांवर बिहार, बंगाल, झारखंडची मुले जास्त दिसतात. तीही बहुतेक दलित, आदिवासी, मुस्लिम आणि अतिमागास घरांतली. धुळीचा वारसा जिल्हा बदलतो, सामाजिक पायरी बदलत नाही.

बांधकामाची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. टाइल, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कोरडे कापले की सिलिकाचे बारीक कण उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच, आणि पुष्कळदा क्षय समजूनच उपचार चालू राहतात. ‘छातीत गेलं’ म्हणून गावी परतलेल्या माणसाच्या कागदावर धूळ हा शब्द कुठेच येत नाही. उपाय मात्र साधा आहे. कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरली की धूळ उडायच्या आधीच बसते. महापालिकेच्या नियमावलीतही कापणे-घासणे बंदिस्त जागेत आणि पाणी मारत करावे, असे म्हटले आहे. पण पत्रा रस्त्यावरून दिसतो, पाण्याची धार दिसत नाही. त्यामुळे पत्रा लागतो, धार लागत नाही. कामगार बंदिस्त जागेत तोंडाला रुमाल बांधून कोरडेच कापतो.

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात कोळसा खाणींसाठी 1944 साली आणि अभ्रक खाणींसाठी 1946 साली मजूर कल्याण निधी उभा राहिला. तत्त्व सरळ होते. खाणीतून जाणाऱ्या मालावर कर घ्यायचा आणि तो त्या मालासाठी छाती झिजवणाऱ्यावर खर्च करायचा. निधी ही मेहरबानी नव्हती, तो उत्पादनखर्चाचा भाग होता. 1996 चा बांधकाम कामगार उपकर याच वाटेने आला: बांधकाम खर्चाचा किमान एक टक्का. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला 2007 साल उजाडू दिले. देशभरात 37,400 कोटींहून अधिक रुपये जमले आणि खर्च झाले सुमारे 9,500 कोटी, हे सर्वोच्च न्यायालयानेच मार्च 2018 च्या निकालात नोंदवले.

डिसेंबर 2024 अखेर भायखळा आणि बोरिवली पूर्व येथे हवा निर्देशांक 200 च्या वर राहिला म्हणून बांधकामे थांबवली गेली. बिल्डरचे काम पुढे ढकलले गेले, बिगाऱ्याची हजरी बुडाली. 2021 साली दिल्लीत अशीच बंदी आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने उपकराच्या निधीतून कामगारांना निर्वाह भत्ता द्यायला सांगितले होते. मग मुंबईत बंदीच्या आदेशातच भत्त्याची ओळ का नसावी? आमची मागणी एवढीच आहे: बंदी आणि भत्ता एकाच कागदावर यावेत, धूळ पत्र्याच्या आतही मोजली जावी, आणि पाण्याविना चालणारा कटर दिसला की काम थांबावे.

भत्ता मिळतो तो नोंदणी असलेल्यालाच. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादम तो देत नाही, कारण दाखला म्हणजे पुरावा. म्हणून आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे: नाक्यावर वही घेऊन बसा. कोण, कोणत्या साइटवर, किती दिवस, काय कापत होता, हे रोजच्या रोज तारखेनिशी लिहा.