एचडी वाहिन्यांची चित्रगुणवत्ता

उच्च विभेदनाच्या, म्हणजेच एचडी, दूरचित्रवाणी वाहिन्यांचे चित्र प्रेक्षकाच्या पडद्यावर प्रत्यक्षात कितपत स्पष्ट, तपशीलवार व निर्दोष दिसते, यास एचडी वाहिन्यांची चित्रगुणवत्ता असे म्हणता येते. एचडी हे नाव चित्रातील बिंदूंच्या संख्येचे निदर्शक आहे, गुणवत्तेचे नव्हे. त्यामुळे मानकाप्रमाणे एचडी ठरणाऱ्या वाहिनीचे चित्रही अस्पष्ट, धुरकट किंवा ठोकळ्यांनी भरलेले दिसू शकते. जादा पैसे मोजून घेतलेल्या वाहिनीवर असे चित्र दिसणे हे प्रेक्षकांच्या नाराजीचे एक प्रमुख कारण आहे. चित्राचा दर्जा प्रामुख्याने मूळ चित्रीकरण, संपीडन, वाहिनीच्या वाट्याला येणारा बिटदर, वितरकाकडील पुनर्प्रक्रिया आणि घरातील जोडणी या पाच गोष्टींवर अवलंबून असतो. यांपैकी एका टप्प्यावर गमावलेला तपशील पुढच्या टप्प्यावर परत मिळवता येत नाही.

संज्ञा आणि मानके

भारतात रूढ असलेल्या साध्या, म्हणजेच एसडी, दूरचित्रवाणीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते. एचडी दूरचित्रवाणीचे दोन मुख्य प्रकार आहेत: १२८० × ७२० आणि १९२० × १०८०. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, तर एसडी चित्रात ४,१४,७२०; म्हणजे बिंदूंची संख्या बरोबर पाचपट होते. एचडी चित्राची रंगमूल्ये व इतर परिमाणे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.७०९ या शिफारशीत निश्चित केलेली आहेत. ही शिफारस प्रथम १९९० साली स्वीकारण्यात आली.

प्रक्षेपणात १०८०आय ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत एका वेळी पूर्ण चित्र न पाठवता आधी विषम क्रमांकाच्या व नंतर सम क्रमांकाच्या रेषा पाठवतात. अशी ५० अर्धचित्रे दर सेकंदाला येतात आणि प्रत्येकात ५४० रेषा असतात. स्थिर दृश्यात दोन अर्धचित्रे नीट जुळतात; परंतु वेगवान हालचालीत दोहोंमध्ये वस्तूची जागा बदललेली असते. दूरचित्रवाणी संचाने ती योग्य रीतीने जुळवली नाहीत, तर हलणाऱ्या वस्तूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात.

संपीडन आणि बिटदर

एचडी चित्र आहे तसे घरोघरी पाठवणे व्यवहार्य नसते. प्रक्षेपणातील नेहमीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक बिंदूसाठी सरासरी १२ बिट धरले, तर १९२० × १०८० बिंदूंच्या आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रांच्या प्रवाहासाठी सुमारे ६२२ मेगाबिट प्रतिसेकंद इतकी क्षमता लागते. हाच प्रवाह ८ मेगाबिटमध्ये बसवायचा, तर मूळ माहितीचा सुमारे अठ्ठ्याहत्तरावा भागच पाठवता येतो. माहितीचे प्रमाण असे घटवण्याच्या क्रियेस संपीडन म्हणतात आणि दर सेकंदाला पाठवलेल्या माहितीच्या प्रमाणास बिटदर म्हणतात.

संपीडनात चित्राचे लहान लहान चौरस पाडले जातात. लागोपाठच्या चित्रांतील न बदललेला भाग पुन्हा पाठवला जात नाही आणि डोळ्यांना सहज न जाणवणारा बारीक तपशील वगळला जातो. एमपेग-२ (१९९५), एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) ही या तंत्रातील क्रमाने आलेली मानके आहेत. नवे मानक कमी बिटदरात तितकेच चांगले चित्र देऊ शकते. मात्र या बचतीतून चित्र सुधारायचे की तेवढ्याच जागेत आणखी वाहिन्या बसवायच्या, हा निर्णय तंत्राचा नसून प्रक्षेपकाचा व वितरकाचा असतो.

आढळणारे दोष

बिटदर अपुरा पडल्यास दिसणारे दोष ठरावीक स्वरूपाचे असतात. चित्राचे चौरस वेगळे दिसू लागले, तर त्यास ठोकळेपणा म्हणता येईल. अक्षरांच्या किंवा आकृत्यांच्या कडांभोवती डास घोंगावावेत तशी थरथर दिसते. संध्याकाळचे आकाश, धुके किंवा रंगमंचावरील प्रकाशझोत यांतील रंगछटांचा सलग उतार तुटून पट्टे दिसतात. चेहऱ्यावरील त्वचा व कापडाचा पोत पुसला जाऊन मेणासारखा गुळगुळीतपणा येतो.

हे दोष सर्व कार्यक्रमांत सारखे दिसत नाहीत. वृत्तनिवेदक स्थिर पार्श्वभूमीसमोर बसलेला असताना थोडे बिटही पुरतात. याउलट चेंडूमागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यातील मैदानाचे गवत, खळाळते पाणी, पाऊस, धूर, उधळलेला गुलाल किंवा छायाचित्रकारांच्या दिव्यांचे लखलखाट यांत प्रत्येक क्षणी जवळपास सर्वच चित्र बदलते. त्यामुळे कथामालिकेत समाधानकारक वाटणारी वाहिनी क्रिकेटच्या सामन्यात निराशा करते.

कारणे

मर्यादित वहनक्षमता: उपग्रहावरील ट्रान्सपाँडर किंवा केबलमधील प्रत्येक वारंवारतापट्टा ठरावीक माहितीच वाहून नेऊ शकतो. ८ मेगाहर्ट्झच्या एका केबलपट्ट्यातून ६४-क्वाम पद्धतीने सुमारे ३८ मेगाबिट प्रतिसेकंद इतकी माहिती जाते. त्यात चार एचडी वाहिन्या ठेवल्या, तर प्रत्येकीला सुमारे साडेनऊ मेगाबिट मिळतात. सात ठेवल्या, तर जेमतेम साडेपाच. दोन्ही परिस्थितींत वाहिन्यांच्या नावापुढे एचडी हीच अक्षरे दिसतात.

सामायिक वाटप: अनेक ठिकाणी प्रत्येक वाहिनीला कायमचा बिटदर न देता, ज्या क्षणी जिला गरज असेल तिला अधिक बिट दिले जातात. यास सांख्यिकीय बहुसंकेतन म्हणतात. ही पद्धत कार्यक्षम आहे. परंतु एकाच गटातील अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी वेगवान दृश्ये आली, तर सर्वांच्याच वाट्याला कमी बिट येतात.

वारंवार संपीडन: कार्यक्रमाचे चित्र वाहिनीच्या केंद्रातून उपग्रहाकडे जाताना संपीडित होते. केबल किंवा डीटीएच वितरक ते उतरवून घेतात आणि आपल्या जाळ्यात बसवण्यासाठी अनेकदा पुन्हा संपीडित करतात. दुसऱ्या फेरीत मूळ तपशिलाबरोबर पहिल्या फेरीतील दोषांवरही बिट खर्ची पडतात. एकच वाहिनी दोन वितरकांकडे वेगवेगळी दिसण्याचे हे एक कारण आहे.

घटवलेले आडवे विभेदन: काही प्रक्षेपक १९२० ऐवजी १४४० बिंदू रुंदीचे चित्र पाठवतात व सेट-टॉप बॉक्स ते ताणून पूर्ण रुंदीचे करतो. यामुळे बिंदूंची संख्या चतुर्थांशाने कमी होते.

एसडी मूळ: जुने कार्यक्रम एचडी वाहिनीवर दाखवताना ७२० × ५७६ बिंदूंचे चित्र कृत्रिमरीत्या मोठे केले जाते. यात बिंदू वाढतात, तपशील वाढत नाही. व्हिडिओ फितीवर चित्रित झालेल्या जुन्या मालिकांना ही मर्यादा कायमची आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्रपटांचे मात्र तसे नाही. मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रत उपलब्ध असल्यास तिचे नव्याने स्कॅनिंग करून खरे एचडी चित्र मिळवता येते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या (स्थापना १९६४) संस्थांमधील प्रतींचे जतन या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. एखादा जुना चित्रपट एचडी वाहिनीवर फिकट दिसला, तर दोष चित्रपटाचा नसून प्रसारणासाठी वापरलेल्या प्रतीचा असू शकतो.

बीबीसी एचडीचे उदाहरण

या विषयावरील सर्वांत गाजलेला वाद ब्रिटनमध्ये झाला. बीबीसी एचडी ही वाहिनी २००६ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती. ऑगस्ट २००९ मध्ये तिच्यासाठी नवे एन्कोडर बसवण्यात आले आणि बिटदर १६ मेगाबिटवरून ९.७ मेगाबिट प्रतिसेकंदावर आणला गेला. नवी यंत्रे अधिक कार्यक्षम असल्याने कमी बिटदरातही दर्जा कायम राहतो, अशी बीबीसीची भूमिका होती. अनेक प्रेक्षकांना मात्र चित्र मवाळ झाल्याचे व हालचालीत बिघडत असल्याचे जाणवले आणि त्यांनी सातत्याने तक्रारी केल्या. पुढे २०१० मध्ये वाहिनीसाठी दृश्याच्या गरजेनुसार बदलणारा बिटदर वापरण्यास सुरुवात झाली. मार्च २०१३ मध्ये ही वाहिनी बंद करण्यात आली. बिटदराचा आकडा सर्वांना ठाऊक असल्यामुळे या वादातील दोन्ही बाजूंना निश्चित मुद्द्यावर चर्चा करता आली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

भारतातील स्थिती

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे एचडी प्रक्षेपण हा भारतीय दूरचित्रवाणीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. केबलचे अंकीकरण २०१२ पासून टप्प्याटप्प्याने झाले. पहिल्या टप्प्यात मुंबईचा समावेश होता. मराठीत स्टार प्रवाह, कलर्स मराठी व झी मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ साली सुरू झाल्या.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१७ च्या दर-आदेशाने वाहिन्यांच्या किमती स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक केले. जाळ्याच्या क्षमताशुल्काची गणना करताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांबरोबर धरण्याची पद्धतही त्याच आदेशातील होय. ही गणना केवळ शुल्कापुरती असते. वाहिनीला प्रत्यक्षात किती बिट मिळतात याच्याशी तिचा संबंध नसतो. तरीही तुलना उद्बोधक आहे. एकाच संपीडन पद्धतीत पाचपट बिंदूंच्या चित्राला दुप्पटच बिट दिले, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला एसडीच्या ४० टक्के माहिती येते. मोठ्या चित्राचे संपीडन तुलनेने अधिक परिणामकारक होत असल्यामुळे ही तूट काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

ग्राहकाला मिळणाऱ्या वाहिन्यांच्या यादीत नाव, भाषा, प्रकार, किंमत आणि एसडी वा एचडी हा उल्लेख असतो. बिटदर सर्वसाधारणपणे नसतो. त्यामुळे दोन वितरकांची किमतीवरून तुलना करता येते, चित्रावरून करता येत नाही. सेवेविषयीच्या तक्रारीसाठी वितरकाने ग्राहकसेवा केंद्र चालवणे, तक्रारीला क्रमांक देणे आणि अपिलासाठी नोडल अधिकारी नेमणे २०१७ च्या सेवागुणवत्ता नियमांनुसार आवश्यक आहे.

घरातील कारणे

प्रत्येक वेळी दोष वाहिनीचाच असतो असे नाही. पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिनांच्या एव्ही केबलमधून एचडी चित्र जाऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय केबल लागते. सेट-टॉप बॉक्सच्या मांडणीत चित्राचे विभेदन ५७६ वर ठेवलेले असल्यास एचडी वाहिनीही एसडी होऊनच पडद्यावर येते. दुकानात उठून दिसावे म्हणून ठेवलेल्या भडक चित्र-मांडणीमुळे, विशेषतः वाढवलेल्या तीक्ष्णतेमुळे, संपीडनाचे दोष अधिक ठळक होतात.

पडद्याचा आकार व बसण्याचे अंतर यांचाही परिणाम होतो. एचडी चित्र हे पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून पाहावे, असे गृहीत धरलेले असते. ४३ इंची संचासाठी हे अंतर साधारण १.६ मीटर, म्हणजे सव्वापाच फूट, येते. याहून बरेच दूर बसल्यास एचडी व एसडी यांतील फरक फारसा जाणवत नाही. फार जवळ बसल्यास प्रत्येक दोष दिसतो.

पावसामुळे होणारा बिघाड वेगळा ओळखावा लागतो. डीटीएच सेवेचे केयू पट्ट्यातील संकेत मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकणातील प्रेक्षकांना पावसाळ्यात याचा अनुभव येतो. अंकीय संकेत काही मर्यादेपर्यंत पूर्ण चित्र देतो आणि त्यापुढे चित्र एकाएकी गोठते, तुटते किंवा नाहीसे होते, आवाजही तुटतो. संपीडनाच्या दोषात आवाज सुरळीत असतो, चित्र चालू राहते आणि हालचाल थांबताच सुधारते. निरभ्र दिवशीही केवळ वेगवान दृश्यांतच चित्र बिघडत असेल, तर डिश किंवा केबल बदलून उपयोग होत नाही.

गुणवत्तेचे मापन

चित्रगुणवत्ता दोन प्रकारे मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.५०० या शिफारशीनुसार प्रेक्षकांना नियंत्रित प्रकाशात चित्रफिती दाखवून उत्तम, चांगले, बरे, निकृष्ट व वाईट अशा पाच श्रेणींत मत नोंदवून घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात मूळ व संपीडित चित्रांची संगणकाद्वारे तुलना करून पीएसएनआर, एसएसआयएम किंवा व्हीमॅफ यांसारखे निर्देशांक काढले जातात. या निर्देशांकांसाठी मूळ चित्र हाताशी असावे लागते. घरी बसलेल्या प्रेक्षकाकडे ते नसते. त्याला आपले डोळे आणि वाहिनीच्या नावातील एचडी ही अक्षरे यांवरच निर्णय घ्यावा लागतो.