मागच्या अ‍ॅक्सलमधला आकडा

जुन्या अमेरिकी गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलला, डिफरन्शियलच्या एखाद्या बोल्टखाली, पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. चिखल खरवडला की तिच्यावर ठोकलेला आकडा दिसतो: ३.०८, ३.७३, ४.११. प्रोपेलर शाफ्टचे तितके फेरे झाले की मागच्या चाकाचा एक फेरा होतो. शाफ्टच्या टोकाचं लहान पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं. दोघांच्या दातांचा भागाकार म्हणजे हा रेशो. आकडा मोठा असेल तर गाडी सिग्नलवरून झेपावते, चढ सहज घेते, पण इंजिन लवकर किंचाळू लागतं. आकडा लहान असेल तर इंजिन शांत राहतं, पेट्रोल वाचतं आणि पिकअप मरतो.

इंजिनाच्या ताकदीत या आकड्याने एका अश्वशक्तीचीही भर पडत नाही. आहे ती ताकद ओढीत खर्चायची की वेगात, एवढंच तो ठरवतो. पिनियन-क्राऊनच्या या जोडीचा इतिहास मला ओढून घेतो तो यासाठी, की हा निर्णय कोणी घ्यायचा यावर शंभराहून अधिक वर्षं रस्सीखेच चालू आहे.

कार्ल बेंझच्या सुरुवातीच्या मोटारींत हा निर्णय बेंझचा एकट्याचा होता, आणि तो चढावर अपुरा पडला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, तेव्हा चढ आला की उतरून गाडी ढकलावी लागे. सपाटीला जमेल असा रेशो होता, डोंगराला जमेल असा नव्हता. परत आल्यावर तिने चढासाठी वेगळा गिअर हवा असं सांगितलं, आणि पुढच्या गाड्यांत तो आला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत बहुतेक गाड्यांची ताकद चेनने चाकांपर्यंत जाई. डिफरन्शियल चाकांमध्ये नसून मध्येच एका आडव्या दांड्यावर असे आणि तिथून दोन बाजूंना दोन चेन निघत. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल ही कल्पना त्याही आधीची. पॅरिसचा घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. चेनच्या गाडीची एक सोय आजही हेवा वाटावा अशी होती. दातांची चकती बदलली की गाडीचा रेशो बदलला. डोंगरी शर्यतीला एक चकती, सपाट शर्यतीला दुसरी. गोंगाट, धूळ आणि तुटणाऱ्या कड्या सहन करूनही शर्यतवाल्यांनी चेनला बरीच वर्षं सोडलं नाही. इंग्लंडच्या फ्रेझर नॅश कंपनीने तर दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत चेनच्या गाड्या बनवल्या.

चेन गेली ती लुई रेनोमुळे. १८९८ मध्ये एकवीस वर्षांच्या या मुलाने पॅरिसजवळ बियांकूरला घराच्या आवारातल्या शेडमध्ये एक हलकी गाडी बांधली. तिच्यात चेनच्या जागी शाफ्ट होता आणि तो थेट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाई. गिअरबॉक्सच्या सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकमेकांना सरळ जोडले जात. मध्ये दातांची एकही जोडी नसे. त्या वर्षी २४ डिसेंबरला त्याने मोंमार्त्रची र्‍यू लपिक ही उभी गल्ली त्या गाडीतून चढून दाखवली आणि तिथल्या तिथे १२ गाड्यांच्या ऑर्डरी मिळवल्या. पुढच्या वर्षी पेटंट घेतलं.

या थेट जोडणीचं कौतुक नेहमी होतं: आवाज कमी, घर्षण कमी. तिचा दुसरा परिणाम मला अधिक मोठा वाटतो. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स काहीच करत नाही म्हटल्यावर इंजिनाचे फेरे चाकाच्या मानाने कमी करण्याचं सारं काम मागच्या एका जोडीवर आलं. ती जोडी लोखंडी घरात तेलाने भरून बंद. चकती बदलण्याइतकं सोपं आता काही उरलं नाही. गाडी कशी वागेल हे कारखान्याने एकदाच ठरवायचं आणि मालकाने ते स्वीकारायचं.

हेन्री फोर्डने ते कसं ठरवलं याचा हिशोब करून पाहता येतो. १९०८ च्या मॉडेल टीत पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ४०, म्हणजे ३.६४. इंजिनाची २० अश्वशक्ती १६०० फेऱ्यांना मिळे. १६०० ला ३.६४ ने भागलं की चाकाचे मिनिटाला ४४० फेरे. ३० इंची टायरचा घेर २.४ मीटरच्या आसपास. गुणाकार केला की ताशी ६३ किलोमीटर येतात, आणि ही गाडी सपाट रस्त्यावर साधारण तेवढीच धावे. इंजिन जिथे सर्वाधिक ताकद देतं तिथेच गाडी तिच्या वेगाच्या टोकाला पोचावी असा हा हिशोब आहे. तरी लोकांचं समाधान झालं नाही. हलकी, उघडी स्पीडस्टर बनवणारे १३ आणि ३९ दातांची जोडी घालून रेशो ३ वर आणत. ओझी वाहणारे आणि चढांचे रस्ते तुडवणारे रकस्टेल कंपनीचा दोन वेगांचा अ‍ॅक्सल बसवत. कॅडिलॅकने १९१४ च्या गाडीत दोन रेशोंचा अ‍ॅक्सल स्वतःच देऊन पाहिला, पण ही वाट मोटारींमध्ये रुळली नाही. ती ट्रकांनी उचलली.

आकड्यांमागे दात आहेत, आणि दात घडवण्याची कथा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची. विल्यम ग्लीसनने १८७४ मध्ये शंकूच्या आकाराची, म्हणजे बेव्हल, गिअरं कापणारं यंत्र बनवलं. त्याची मुलगी केट हिने कारखान्याचा व्यापार युरोपपर्यंत नेला. अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद झाली. १९१३ मध्ये ग्लीसनच्या यंत्रावर वळणदार दात कापता येऊ लागले आणि पॅकार्डच्या गाड्यांचा मागचा आवाज निवला. १९२० च्या दशकात त्याच कारखान्यातून हायपॉइड गिअर आलं. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं. शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली गेला, दात मोठे आणि मजबूत झाले. पण दात आता एकमेकांवर घासत सरकू लागले, म्हणून त्यांना वेगळं, गंधकयुक्त तेल लागतं. डिफरन्शियल उघडल्यावर हाताला दोन दिवस राहणारा तो उग्र वास त्याचाच.

३.७३ किंवा ४.११ असे ओबडधोबड आकडे का, सरळ ४ का नाही, याचं उत्तरही दातांतच आहे. ४.११ म्हणजे ९ आणि ३७ दात. या दोन संख्यांना सामाईक भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या ३७ ही दातांना भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. १० आणि ४० दातांच्या जोडीत पिनियनचा दात आयुष्यभर त्याच चार दातांवर आदळत राहील. ३.७३ म्हणजे ११ आणि ४१, ३.०८ म्हणजे १३ आणि ४०. कारागिरीतला हा विचार मला फार देखणा वाटतो.

निवडीचा हक्क मालकाने परत मिळवला तो कॅलिफोर्नियात. कोरड्या तलावांच्या सपाटीवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्या पोरांना कमाल वेग हवा असे, म्हणून ते लहान आकडा शोधत. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, थांबलेल्या गाडीपासून सुरुवात. इथे मोठा आकडा हवा. तीच गाडी, तेच इंजिन, पण अ‍ॅक्सल दुसरा. भंगारातून क्राऊन-पिनियन हुडकणं आणि ते बसवताना निळा रंग लावून दात नेमके कुठे टेकतात ते पाहणं, ही विद्या याच काळात गॅरेजांत पसरली. टेड हॅलिब्रँडने यावर सुंदर तोड काढली. त्याच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट पिनियनच्या खालून मागे जातो आणि मागच्या झाकणाआड साध्या दातांच्या दोन चाकांतून ताकद वर पिनियनला देतो. झाकण उघडा, जोडी बदला, काही मिनिटांत नवा रेशो. तीच दोन चाकं अदलाबदल करून लावली तर आणखी एक. चेनच्या चकतीची सोय बंद अ‍ॅक्सलमध्ये परत आली.

ड्रॅगवाल्यांचा नियम आजही उपयोगी आहे: पाव मैलाची रेघ ओलांडताना टॉप गिअरमध्ये इंजिन त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या जरा पुढे असावं. समजा, रेघेवर वेग ताशी १७० किलोमीटर आहे, टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर आहे आणि इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत जातं. चाक मिनिटाला १३६७ फेरे घेतं, म्हणून रेशो ४.३९ च्या जवळ हवा. त्याहून मोठा घेतला तर रेघेआधीच इंजिनाचा दम संपतो, आणि सुटताना टायर नुसते धूर काढतात. रोजच्या गाडीत ३.०८ काढून ३.७३ घातला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ २१ टक्के वाढते. त्याच टायरवर ताशी १०० ला इंजिन मात्र सुमारे २४८० ऐवजी ३००० फेरे घेतं. स्पीडोमीटरचं गिअर बदललं नाही तर काटाही खोटं सांगतो. कागदावर ही छोटी किंमत आहे. रोज ऐंशी किलोमीटर हायवेने जाणाऱ्याला ती कानात आणि पेट्रोलच्या बिलात जाणवते. म्हणून मित्राची गाडी पाहून नव्हे, आपला रस्ता पाहून आकडा निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

१९६० च्या दशकात डेट्रॉइटने ही निवड ऑर्डरच्या फॉर्मवरच छापली. १९६९ च्या मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिनाबरोबर ३.९१ किंवा ४.३० मागितला तर फोर्ड आपण होऊन मजबूत कनेक्टिंग रॉड आणि ऑइल कूलर देई. ४.३० मागणारा माणूस गाडी कुठे नेणार, हे कारखान्याला कळत होतं. मग १९७३ चा तेलाचा तडाखा आला, १९७५ मध्ये इंधनाच्या सरासरीचा कायदा आला, आणि आकडा सरकार ठरवू लागलं म्हणावं अशी वेळ आली. २.७३, पुढे २.४१ पर्यंत अ‍ॅक्सल उतरले. मोठी इंजिनं असूनही त्या गाड्या सिग्नलवरून जड पावलांनी निघत. सुटका १९८० नंतरच्या ओव्हरड्राइव्हने, म्हणजे शाफ्टला इंजिनाहून वेगाने फिरवणाऱ्या गिअरने, केली. जनरल मोटर्सच्या १९८२ च्या ऑटोमॅटिकमध्ये चौथा गिअर ०.७० होता. त्याच्यामागे ३.७३ चा अ‍ॅक्सल ठेवला तरी हायवेवर एकूण रेशो २.६१ होतो. रेनोने टॉप गिअर थेट जोडून जी गाठ मारली होती, ती इथे सुटली.

आपल्याकडे हे आकडे सर्वांत जास्त जीपवाल्यांच्या तोंडी असतात. युद्धातल्या विलीज जीपचा रेशो ४.८८, युद्धानंतरच्या शेतकी जीपचा ५.३८. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली ती याच घराण्यातली. ५.३८ हा आकडा नांगर ओढायला आणि पेट्रोल इंजिनाला शोभणारा. कमी फेऱ्यांचं डिझेल इंजिन बसवल्यावर तो हायवेवर गाडीला अडवतो, म्हणून लोक ४.८८ शोधतात. बदलायचे तर पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल बदलावे लागतात. दोन रेशो वेगळे राहिले आणि फोर-व्हील लावलं, तर पक्क्या रस्त्यावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडून काहीतरी मोडतं.

विजेच्या मोटारीने गिअरबॉक्सच काढून टाकला. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये मोटर आणि चाकांमध्ये ९.७३ हा एकच रेशो होता. सुटण्याची झेप आणि कमाल वेग, दोन्ही त्यातच बसवावे लागले. २०१९ मध्ये पोर्शेला टायकनसाठी हा एक आकडा पुरेसा वाटला नाही. त्यांनी मागच्या अ‍ॅक्सलला दोन गिअर दिले: सुटण्यासाठी साधारण १५, वेगासाठी साधारण ८.