दिनविशेष, ६ एप्रिल : कायद्यात न संपलेले युद्ध

६ एप्रिल १९९१ : आखाती युद्ध थांबल्यावर सव्वा महिन्याने अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभांविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. सैनिकांच्या आयुर्विम्याची कमाल रक्कम ५० हजारांवरून १ लाख डॉलर झाली. युद्धकाळाची सुरुवात २ ऑगस्ट १९९० अशी ठरली. अखेर मात्र पुढील घोषणेवर सोडली गेली. ती घोषणा आजवर झालेली नाही. गरजू माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या मागे राहिलेल्या पत्नीच्या निवृत्तिवेतनासाठी सेवेतला निदान एक दिवस युद्धकाळातला असावा लागतो. त्या युद्धानंतर जन्मलेले जवानही त्यामुळे ही अट पुरी करतात. अभिनंदनाच्या ठरावाने मान मिळतो. हक्क मिळतो तो अशा कलमांमुळेच.